घोरबंदर

आमच्या आगरी बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो. घोडा म्हणजे घोरा, गाडी म्हणजे गारी, सडक म्हणजे सरक. माझी आत्या ठाण्याहून घोडबंदरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जन्मली, त्याच रस्त्याच्या कडेला नांदली आणि तिथेच म्हातारी झाली. पण त्या रस्त्याला तिने कधी ‘घोडबंदर रोड’ म्हटलं नाही. ती नुसतं ‘सरक’ म्हणायची. तिच्या लेखी ‘घोरबंदर’ म्हणजे गाव. कुणी घोरबंदरला चाललाय म्हटलं, तर तो गायमुखाचा घाट उतरून, चेणे मागे टाकून, खाडीकाठच्या किल्ल्याच्या टेकडीपाशी चाललाय, असा त्याचा अर्थ असे.

आता उलटं झालं आहे. ‘घोडबंदरला राहतो’ असं सांगणारा माणूस राहत असतो मानपाड्याला, पातलीपाड्याला नाहीतर कासारवडवलीला. आणि खुद्द घोडबंदर गावचा माणूस पत्ता सांगताना ‘काशीमिऱ्याजवळ’ म्हणतो, ‘फाउंटन हॉटेलच्या अलीकडे’ म्हणतो, कारण नुसतं घोडबंदर म्हटलं की ऐकणारा त्याला ठाण्यातला समजतो. गावाचं नाव रस्त्याने घेतलं आणि गाव नावाशिवाय राहिलं. ते गाव ठाणे महापालिकेत नाहीच. ते मीरा-भाईंदर महापालिकेत आहे.

मी मोजणीदार. भूमी अभिलेख खात्यात १९७७ साली लागलो आणि २०१३ साली निवृत्त झालो. त्यातली बरीच वर्षं ठाणे तालुक्यात गेली. त्यामुळे ही गावं मी दोनदा पाहिली: एकदा पोरवयात अनवाणी आणि एकदा साखळी घेऊन. आमची शंकू साखळी ३३ फुटांची. तिचे १६ भाग, एकेका भागाला आणा म्हणायचं. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. मोजणी करणाऱ्याला एक खोड लागते. कुठलंही नाव ऐकलं की त्याची हद्द कुठे, हे तो आधी विचारतो. घोडबंदर या नावाच्या बाबतीत मी हाच प्रश्न आयुष्यभर विचारत आलो.

एकेकाळी या नावाचे दोन रस्ते होते. मुंबईत वांद्र्याहून सांताक्रुझ, अंधेरी, मालाड, बोरिवली करत दहिसरकडे जाणारा जो रस्ता आज स्वामी विवेकानंद रोड म्हणून ओळखला जातो, त्याचं जुनं नाव घोडबंदर रोड. मालाड-गोरेगावची जुनी माणसं अजून त्याला तसंच म्हणताना मी ऐकली आहेत. १८४५ साली माहीम आणि वांद्रे यांच्यामधला बांध पुरा झाला. लेडी जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी १,५७,००० रुपये दिले होते. त्या बांधावरून मुंबईचा माणूस पाय न भिजवता साष्टीत आला आणि सरळ उत्तरेला चालत राहिला, तर शेवटी घोडबंदरच्या धक्क्यावर पोचत असे. दुसरा रस्ता ठाण्याकडून, डोंगराला डावीकडे आणि खाडीला उजवीकडे ठेवत यायचा. साष्टी हे बेट आहे, हे आज मुद्दाम सांगावं लागतं. त्याच्या उत्तर टोकाला जमीन संपते, पलीकडे वसई. दोन्ही रस्ते तिथेच थांबत, कारण पुढे पाणी होतं. म्हणून दोघांनाही एकच नाव मिळालं: जिथे पोचायचं त्या गावाचं.

मग या पाण्याला एवढं महत्त्व का? राजमाचीच्या डोंगरातून निघालेली उल्हास नदी कल्याणवरून खाली येते आणि ठाण्यापाशी तिचं पाणी दोन वाटांना लागतं. एक वाट दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत, दुसरी पश्चिमेला वसईच्या खाडीत. पश्चिमेची वाट खरी मोठी. कल्याण आणि ठाणे ही दोन्ही जुनी बंदरं तिच्यावर अवलंबून होती. समुद्रातून आत शिरणारा गलबतवाला भरतीबरोबर याच वाटेने यायचा. घोडबंदरची टेकडी या वाटेच्या वळणावर उभी आहे. तिच्यावर चढलं की वर ठाण्याकडून येणारं आणि खाली वसईकडे जाणारं पाणी दोन्ही दिसतं. ज्याच्या हातात ही टेकडी, त्याला कुठलं गलबत कल्याणकडे गेलं ते कुणाला विचारावं लागत नसे.

घोड्यांचं बंदर म्हणून घोडबंदर, असं लोक सांगतात. माझा या सांगण्यावर विश्वास आहे आणि त्याला कारण आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो याने ठाण्याच्या राज्याबद्दल जे लिहून ठेवलं त्यात घोडे आहेत. समुद्रावर लुटालूट करणाऱ्या चाच्यांशी ठाण्याच्या राजाने करार केला होता, असं तो सांगतो: लुटीतला बाकीचा माल चाच्यांचा, घोडे तेवढे राजाचे. आपल्याकडे चांगला लढाऊ घोडा पैदा होत नसे. तो अरबस्तानातून आणि इराणच्या आखातातून गलबतात घालून आणावा लागे. पुढे घाट चढून दख्खनच्या दरबारांत त्याला सोन्याचा भाव येई. राजाने सगळ्या लुटीतून फक्त घोडा मागावा, यावरून त्याची किंमत समजते. एकोणिसाव्या शतकातल्या काही विद्वानांनी तर टॉलेमीच्या भूगोलातलं ‘हिप्पोकुरा’ हे नावही घोडबंदरला जोडून पाहिलं, कारण ग्रीक भाषेत घोड्याला ‘हिप्पोस’ म्हणतात. इतरांनी हिप्पोकुरा दुसरीकडे दाखवलं आहे, आणि मलाही एवढ्या एका शब्दावर हद्दीचा दगड रोवणं पटत नाही.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यानंतर दोनशे वर्षं ही टेकडी त्यांच्याकडे होती. त्यांनी तिच्यावर किल्ला बांधला, वस्ती वसवली. १६७२ साली शिवाजी महाराजांच्या फौजेने घोडबंदरवर चढाई केली, पण ते हाती आलं नाही. त्यानंतर तीनच वर्षांनी, १६७५ साली, जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर इथून गेला. त्याने या जागेचं नाव चमत्कारिक रीतीने ‘ग्रेबोंडेल’ असं लिहिलं आहे. आमचं ‘घोरबंदर’ ऐकून त्याने तसं लिहिलं असेल का, असा विचार माझ्या मनात पुन्हा पुन्हा येतो. ‘ड’पेक्षा ‘र’ त्याच्या लिहिण्यात ठळक आहे. मार्टिन अल्फॉन्सो नावाच्या एका फार श्रीमंत पोर्तुगीजाचं हे नेटकं, मोठं गाव असल्याचं तो सांगतो आणि टेकडीच्या माथ्यावर त्याचं घर, किल्ला आणि चर्च असल्याचंही. आज त्या गावाच्या जागी उभं राहून हे वाचलं की डोळे मिटून घ्यावेसे वाटतात.

१७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी घेतली आणि घोडबंदरही घेतलं. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला आणि साष्टी त्यांच्याकडे गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यावर शिक्का बसला. ज्या खाडीवर पहारा ठेवायचा तिच्या दोन्ही काठांवर पुढे एकाच सरकारचं राज्य आल्यावर टेकडीला काम उरलं नाही. किल्ल्याची पडझड सुरू झाली. अलीकडे तिथे डागडुजी झाली आहे. ठाण्याच्या बाजूला नागला बंदरच्या टेकडीवरही पोर्तुगीजांच्या चौकीचे अवशेष होते. दगडाच्या खाणींनी ती टेकडीच पोखरली.

मग रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली. १८६४ साली पश्चिमेची रेल्वे भाईंदरजवळ खाडी ओलांडून मुंबईत शिरली. एक रूळ घोडबंदरच्या पूर्वेला, एक पश्चिमेला. जो माल पडावातून आणि मचव्यातून यायचा, जो माणूस होडीतून वसईला जायचा, तो हळूहळू रुळावर गेला. घोडबंदर दोन रुळांच्या मधोमध राहिलं. पुढची शंभर वर्षं इथे फारसं काही घडलं नाही, असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्या शंभर वर्षांत गावं आपापल्या जमिनीशी नीट जोडली गेली होती. ती जोडणी मी नकाशावर पाहिली आहे, आणि या लेखात मला खरं तेच सांगायचं आहे.

१९७९ च्या पावसाळ्यानंतर मला कावेसर ते गायमुख या पट्ट्यात काही मोजण्यांसाठी पाठवलं गेलं. कापडावर चिकटवलेले जुने गाव नकाशे बरोबर होते. ते एकमेकांना लावून ठेवले तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की बहुतेक गावांचा आकार एकच आहे: डोंगराच्या माथ्यापासून खाडीच्या पाण्यापर्यंत उतरत गेलेली लांबट पट्टी. डोंगरावर जंगल. त्याखाली वरकस, म्हणजे राबासाठी (भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायला) फांद्या आणि गुरांसाठी गवत देणारी उतरती जमीन. त्याखाली भातखाचरं. मग घरं, एकमेकांना चिकटून, गावदेवीच्या देवळाभोवती. मग खाजण: मातीचा बांध घालून खाडीपासून अडवलेली खारी जमीन. बांधात उघाडी असे. भरतीला ती बंद राही, ओहोटीला उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडी. आणि शेवटी बंदर, म्हणजे चिखलात दोनचार होड्या बांधायची जागा. प्रत्येक गावाला लाकूड, गवत, भात, मासळी आणि बाहेर जायची वाट, सगळं आपल्याच पट्टीत मिळेल अशी ही आखणी होती. ती कुणा अधिकाऱ्याने बसून केलेली नव्हती. पाणी आणि उतार यांनी ती केली होती आणि माणसांनी ती जपली होती.

रस्ता या सगळ्या पट्ट्यांना आडवा छेदत जात होता. वरकस संपून भात सुरू होतं त्या रेषेच्या आसपास. आत्या त्या रेषेवरून सांगायची: सरकेच्या वर कोण आणि खाली कोण. वर डोंगराच्या अंगाला वारली, ठाकर, कातकरी यांचे पाडे. खाली आगरी आणि कोळी. बाजार एकच, ठाण्याचा. वरची माणसं मोळ्या, करवंदं, रानभाज्या घेऊन उतरत. खालची बोईट, कोळंबी, चिंबोऱ्या आणि ओहोटीला चिखलात हाताने धरलेले निवटे घेऊन निघत. दोघी बाया सरकेवर भेटत आणि पुढे सोबत चालत. ठाण्याला पोचायच्या आधीच बरीचशी अदलाबदल झालेली असे.

त्या मोजणीतली एक गोष्ट सांगतो. एका गावाच्या खाजणात हद्दीचा दगड सापडेना. ओहोटीची वेळ साधून आम्ही दोन दिवस चिखल उपसला. तिसऱ्या दिवशी एक कोळीण पाग धुवायला आली. तिने विचारलं, “काय शोधताव?” सांगितल्यावर ती म्हणाली, “तो दगर नं? तो आमचे सासऱ्यान पूजला. शेंदूर हाय त्याला.” ती आम्हाला बांधावरच्या एका झुडपापाशी घेऊन गेली. दगड होता, शेंदराने माखलेला. टिपणाप्रमाणे साखळी टाकली, तर अंतर आण्याने चुकलं नाही. सासऱ्याने सरकारी दगडाला देव केलं म्हणून तो शंभर वर्षं जागेवर राहिला होता. सरकारी खात्यात मी छत्तीस वर्षं काढली, पण हद्द सांभाळण्याची याहून पक्की रीत मला दिसली नाही.

गावांची नावं पाहा. वाघबीळ, म्हणजे वाघाची गुहा. आजूबाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबटे अजून रस्ता ओलांडतात आणि काही गाड्यांखाली मेले आहेत. नाव खोटं नाही. गायमुख. कापूरबावडी, म्हणजे विहीर. कासारवडवली, म्हणजे कासारांची वडवली. भाईंदरपाडा, मोघरपाडा, पातलीपाडा, मानपाडा, डोंगरीपाडा: पाडा म्हणजे मोठ्या गावापासून थोडी बाजूला वसलेली दहापाच घरं. ओवळ्याचं नाव मला सगळ्यांत आवडतं. कोकणात बकुळीला ओवळ म्हणतात, आणि गावाचं नाव तिच्यावरून पडलं असावं असं मला वाटतं. त्या ओवळ्यात आज फुलपाखरांची एक बाग आहे, ओवळेकर वाडी. लांबून शाळांच्या सहली येतात. पोरं पानांखाली वाकून अळ्या पाहतात. भातशेतीच्या जागी काय करता येतं याचं हे एक उत्तर आहे, आणि ते मला मनापासून पटलं.

आता या पट्टीचं काय झालं ते सांगतो.

वरचं टोक आधी गेलं. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने डोंगरावरच्या पुष्कळ जमिनी सरकारकडे गेल्या आणि वरकसावरचा गावाचा हात सुटला. जंगल वाचायला हवं होतं, त्याबद्दल माझं दुमत नाही. आज मुंबई-ठाण्याच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान उभं आहे ते त्यामुळेही. पण गवत, राब आणि सरपण ज्या जमिनीतून येत होतं ती गेली, की खालची भातशेती लंगडी होते, हे कुणी हिशेबात धरलं नाही. मग खालचं टोक. खाडीतली रेती मुंबईच्या इमारतींसाठी निघू लागली. आधी डुबी मारून, म्हणजे माणसाने बुडी घेऊन बादलीने, आणि पुढे सक्शन पंपाने. नागला बंदर, गायमुख, पलीकडे काल्हेर, काशेळी: रेतीच्या ढिगांनी काठ झाकला. तळ उपसला की काठ ढासळतो. बांध फुटले, उघाड्या मोडल्या, खाजणात खारं पाणी शिरलं आणि तिवरं वाढली. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांना संरक्षण दिलं. तेही योग्यच. पण ज्या शेतकऱ्याचं खाजण त्याआधी फुटलं होतं, त्याच्या सातबाऱ्यावर अजून भाताची जमीन आहे आणि जागेवर तिवरांचं रान.

उरला मधला तुकडा: भातखाचरं आणि घरं. तिथे शहर आलं.

शहर येण्याची एक नेमकी तारीख आहे. १ ऑक्टोबर १९८२. ठाणे नगरपालिका १८६३ सालची, तिची त्या दिवशी महानगरपालिका झाली आणि आसपासची ३२ गावं तिच्यात घेतली गेली. घोडबंदरच्या बाजूला १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली आणि २००२ साली तिची महापालिका. मुंबईची हद्द १९५७ सालीच दहिसरपर्यंत येऊन थांबली होती. म्हणजे पूर्वेकडून ठाणे आलं, पश्चिमेकडून मीरा-भाईंदर, दक्षिणेला मुंबई आधीच थांबलेली, आणि घाटापाशी हद्दी भिडल्या. ज्या गावावरून दोन रस्त्यांना नाव पडलं, ते गाव तीन शहरांच्या कडेला पडलं. ठाण्याची लोकसंख्या १९९१ साली ८,०३,३८९ होती, २०११ साली ती १८,४१,४८८ झाली. या वाढीतला मोठा वाटा याच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राहायला आला.

ग्रामपंचायती विसर्जित झाल्या तेव्हा काय गेलं, हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. सरपंच गेला, पोलीस पाटील गेला, एवढंच नव्हे. जुन्या गाव नकाशात गावठाण म्हणजे एक कोरा पांढरा ठिपका असतो. आजूबाजूच्या प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, प्रत्येकाला सातबारा. पण गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो, कारण तिथे शेतसारा नव्हता. त्या घरांची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या वहीत असायची. पंचायत गेली तेव्हा या वहीला वाली उरला नाही. घरपट्टीची पावती महापालिकेकडून मिळू लागली, पण घरपट्टी म्हणजे मालकी नव्हे. त्यामुळे इथे एक विचित्र अवस्था तयार झाली. शेजारच्या टॉवरमध्ये दोन वर्षांपूर्वी आलेल्या माणसाकडे घराचे पक्के कागद आहेत. ज्याच्या पणज्याने गावदेवीचं देऊळ बांधलं, त्याच्याकडे पावती आहे.

मी हे कायद्याच्या पुस्तकातून सांगत नाही. आमच्या आत्याच्या घराचं छप्पर १९९० च्या सुमारास बदलायचं होतं. एका कार्यालयाने सांगितलं, मालकीचा कागद आणा. दुसऱ्याने सांगितलं, गावठाणाचा दाखला आणा. तो ज्या पंचायतीने द्यायचा ती पंचायत राहिली नव्हती. मी स्वतः मोजणी खात्यात होतो, मोजणीचा नकाशा माझ्याच हाताने काढून देऊ शकत होतो, पण तो कुठल्या नोंदवहीत चढवायचा याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. आत्याने शेवटी जुन्याच वाशांवर कौलं बदलली.

महसूल खात्याच्या कागदांवर ही गावं अजून जिवंत आहेत, हेही खरं. सातबाऱ्यावर ‘मौजे ओवळे’, ‘मौजे कावेसर’ असं आजही लिहिलेलं असतं. शहर झालं तरी मौजे मरत नाही. पण मौजे म्हणजे जमीन, माणसं नव्हेत. माणसांचं असं काही उरलं नाही: सभा नाही, वही नाही, शिक्का नाही. फक्त गावदेवीची जत्रा, होळी आणि नारळी पौर्णिमा उरली आहे. त्या दिवशी गाव कुठून कुठपर्यंत आहे ते पालखीच्या वाटेवरून दिसतं. दोन वर्षांपूर्वी मी अशा एका पालखीमागे मुद्दाम चाललो आणि पावलं मोजली. पालखी एका संकुलाच्या भिंतीपाशी थांबली, वळली आणि भिंतीला लागून पुढे गेली. जुनी शीव त्या भिंतीच्या आत होती.

कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. तिथली २७ गावं आधी महापालिकेत, मग २००२ साली बाहेर, पुन्हा २०१५ साली आत, आणि त्यानंतर त्यातली १८ वगळण्याचा निर्णय न्यायालयात टिकला नाही. त्या भांडणात कर, पाणी, राजकारण सगळं आहे. पण त्याच्या तळाशी हाच प्रश्न आहे: गावाला आपलं म्हणून एखादी नोंदवही असावी की नाही?

रस्ता मात्र वाढतच गेला. १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं आणि तिथून गुजरातकडे जाणाऱ्या कंटेनरांना हाच जवळचा मार्ग पडला. घोड्यांच्या बंदराकडे जाणारा रस्ता दुसऱ्या एका बंदराचा रस्ता झाला. वरसाव्याला खाडीवर महामार्गाचा पूल झाल्यावर होडी कायमची थांबली होती. २०२३ साली तिथे आणखी एक पूल खुला झाला. आता कासारवडवलीपर्यंत मेट्रो ४ आणि पुढे गायमुखपर्यंत ४ अ. मोघरपाड्याला गाड्यांचं आगार. टिकुजिनीवाडीपासून डोंगराखालून बोरिवलीच्या बाजूला मागाठाण्यापर्यंत जोडबोगदा. मी विकासाच्या विरोधात नाही. माझी नातवंडं त्या मेट्रोने कॉलेजात जातील. पण मेट्रोच्या खांबांसाठी खोदलं जात असताना मी कासारवडवलीला जाऊन उभा राहिलो होतो. खाली पिवळट मातीचा, मग काळ्या चिकणमातीचा थर दिसला. भातखाचराची माती मला ओळखता येते.

गावठाणं आणि कोळीवाडे जुन्या वस्त्या पाडून एकत्र नव्याने बांधण्याच्या समूह विकास योजनेतून वगळा, त्यांची हद्द आधी मोजा, या मागणीसाठी ठाण्यातले भूमिपुत्र गेली काही वर्षं मोर्चे काढत आहेत. त्यांची मागणी भावनेची आहे असं म्हणणारे लोक मला भेटतात. ती भावनेची नाही, मोजणीची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ प्रमाणे गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. घरं वाढली की हद्द वाढवायची असते. कुटुंबात तीन भाऊ झाले तर तीन घरं होणारच. ती हद्द वेळेवर वाढली नाही म्हणून मूळ गावकऱ्याचं दुसरं-तिसरं घर अतिक्रमण ठरलं. खेड्यांत याच कामासाठी ड्रोन फिरले. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावापासून सुरुवात झाली आणि घराघराला मालमत्ता पत्रक देण्याचं ठरलं. २०२० साली केंद्राची स्वामित्व योजना आली. पण ती ग्रामीण गावठाणांसाठी. घोडबंदर, ओवळे, वाघबीळ, मोघरपाडा ही गावं १९८२ आणि १९८५ सालीच शहरात गेली, म्हणून ती या योजनेच्या हद्दीबाहेर. मला हा सरळ अन्याय वाटतो.

काम अवघड नाही. जुने गाव नकाशे आहेत, टिपणं आहेत, गावदेवीची देवळं जागच्या जागी आहेत. एका गावठाणाला दोन मोजणीदार, दोन शिपाई आणि गावातली चार वयस्क माणसं पुरतात. मात्र ती माणसं आता कमी होत चालली आहेत. आमची आत्या २०१६ साली गेली. खाजणातला शेंदराचा दगड दाखवणारी ती कोळीण त्या मोजणीच्या वेळीच साठीची होती.

म्हणून या पट्ट्यातल्या आगरी, कोळी आणि आदिवासी घरांना माझी विनंती आहे. माळ्यावर, ट्रंकेत, देवाच्या फळीमागे जुने कागद असतील: नमुना ८ चा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, कुळाचा दाखला, लग्नपत्रिकासुद्धा, कारण तिच्यावर गावाचं नाव आणि घराचा पत्ता असतो. ते बाहेर काढा, उन्हात वाळवा, त्यांच्या दोन-दोन प्रती काढून वेगवेगळ्या घरांत ठेवा. आणि येत्या जत्रेला पालखी जुन्या शिवेवरून जाईल तेव्हा पोरांना पुढे चालवा, प्रत्येक थांब्यावर दगडाचं नाव सांगा आणि त्यांना ते वहीत लिहून घ्यायला लावा.